घरातल्या वाय-फायसाठी भिंतीवरचा अ‍ॅक्सेस पॉइंट कसा निवडावा: चिरेबंदी घरापासून मायवनच्या फ्लॅटपर्यंत

रत्नागिरी तालुक्यातल्या आमच्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत. फायबरची तार ओटीच्या खिडकीतून आत आली आणि जोडणी करणाऱ्या मुलाने तिथेच, खिडकीशेजारी, फायबरचा डबा ठोकला. ओटीवर बसून पाहिलेला सामना कुठेही न अडकता दिसे. माजघरात गेले की चित्र थबकू लागे, आणि मागच्या खोलीत भाचीच्या कार्यालयाची बैठक सुरू झाली की तिला फोन घेऊन परसदाराशी उभे राहावे लागे, कारण तिथे निदान मोबाइलची रेंज मिळत होती. दोन वर्षांत आम्ही एक रिपीटर आणि एक महागडा राउटर विकत घेतला. दोन्ही वस्तू आज माळ्यावर आहेत. तिसऱ्या खेपेस क्रम उलटा केला. आधी मोजणी केली, मग तार ओढली, मग जागा ठरवली आणि यंत्र सर्वांत शेवटी घेतले. पुढील मजकूर त्याच क्रमाने लिहिला आहे.

अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे नेमके काय

राउटर घरातल्या सर्व यंत्रांना पत्ते वाटतो आणि त्यांना बाहेरच्या इंटरनेटशी जोडतो. अ‍ॅक्सेस पॉइंट यातले काहीही करत नाही. तारेतून आलेले जाळे तो हवेत उतरवतो, एवढेच त्याचे काम. फायबरच्या डब्यात राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट एकत्र असतात, म्हणून हा फरक सहसा लक्षात येत नाही. रिपीटर हवेतूनच ऐकतो आणि हवेतूनच पुन्हा बोलतो. त्याला स्वतःलाच दुबळा संकेत मिळत असेल तर पुढे तो दुबळेपणाच वाटतो, आणि एकाच लहरीवर ऐकणे-बोलणे दोन्ही करावे लागल्याने वेग निम्म्यावर येतो. अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंत तार पोहोचलेली असल्यामुळे मधल्या भिंती किती जाड आहेत याने काही बिघडत नाही.

भिंतीवर बसणारे अ‍ॅक्सेस पॉइंट दोन घडणीचे असतात. पहिली घडण गोल थाळीसारखी असते. ती मुळात छतासाठी बनवलेली असते, पण पट्टी लावून भिंतीवरही बसते. दुसरी घडण विजेच्या बोर्डासारखी चपटी असते, भिंतीतल्या बॉक्सवर बसते आणि तिच्या खालच्या कडेला बहुधा तारेची दोन-तीन तोंडे असतात. हॉटेलांच्या खोल्यांसाठी ती विकसित झाली. जाड भिंतींच्या घरात मला हीच अधिक उपयुक्त वाटते, आणि त्याचे कारण पुढे जागेच्या संदर्भात येईल.

पहिली पायरी: घर मोजा

अँड्रॉइड फोनवर वाय-फाय विश्लेषक प्रकारचे कोणतेही विनामूल्य अ‍ॅप घ्यावे. आयफोनवर अ‍ॅपलच्याच एअरपोर्ट युटिलिटीमध्ये स्कॅनर सुरू करण्याची सोय आहे, मात्र ती आधी फोनच्या सेटिंग्जमधून चालू करावी लागते. अ‍ॅपमध्ये दिसणारा आकडा डीबीएम या मापात आणि उणे असतो; तो शून्याच्या जितका जवळ, तितका संकेत बलवान. उणे ६५ ते उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निर्वेध चालतो, उणे ७० च्या पलीकडे तो कुरकुरू लागतो आणि उणे ८० ला जोडणी केवळ नावाला उरते. हे माप सरळ वजाबाकीचे नाही, हे लक्षात ठेवावे. आकडा १० ने खाली आला की शक्ती दहाव्या हिश्श्यावर आलेली असते.

कागदावर घराचा साधा नकाशा काढून प्रत्येक खोलीत, माणूस जिथे खरोखर बसतो किंवा झोपतो तिथे, ५ गिगाहर्ट्झचा आकडा लिहावा (वाय-फाय मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवर चालते; ५ चा पट्टा वेगवान, पण भिंतीत लवकर अडकणारा). आमच्याकडे ओटीवर उणे ३८, माजघरात उणे ६१ आणि मागच्या खोलीत उणे ७९ आले. माजघर ते मागची खोली यांत एकच चिऱ्याची भिंत आणि तिला टेकून ठेवलेले एक लोखंडी कपाट आहे. तेवढ्या टप्प्यात १८ चा फरक पडला, म्हणजे शक्ती साठाव्या भागाहूनही कमी उरली. अशा ठिकाणी ओटीवरचा राउटर कितीही भारी आणला तरी उपयोग नाही, ही गोष्ट त्या कागदाने आम्हाला पाच मिनिटांत पटवली. हा राउटर बदलण्याचा प्रकार निष्फळ ठरण्यामागे आणखी एक कारण आहे: संभाषण दोन्ही बाजूंनी चालते आणि फोनची प्रक्षेपणशक्ती राउटरपेक्षा कमी असते. राउटर मोठ्याने ओरडला तरी फोनचे उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

आरसे, टाइल्सनी मढवलेले न्हाणीघर, पाण्याची टाकी, माशांची पेटी आणि फ्रिज यांची जागाही नकाशावर दाखवावी. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेते. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंधळ घालतो, म्हणून स्वयंपाकघरात तो चालू असताना आणि बंद असताना अशा दोन वेळा मोजणी करावी.

दुसरी पायरी: तारेचा मार्ग शोधा

सगळा खर्च आणि सगळी दगदग इथे आहे. म्हणून या भागावर थोडे रेंगाळतो.

मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या नव्या उंच इमारतींत मायवन पद्धतीचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेले बांधकाम आता सर्रास आढळते. तिथे खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा सळई घातलेल्या काँक्रीटच्या असतात. त्या लहरी अडवतात, आणि इमारतीचा भार पेलत असल्यामुळे त्यांत खाच मारणे हा धोका आहे. त्या वाटेला अजिबात जाऊ नये. मात्र बहुतेक बिल्डरांनी दिवाणखान्यात आणि झोपण्याच्या खोल्यांत टीव्ही व टेलिफोनचे पॉइंट दिलेले असतात आणि त्यांचे कन्सील पाइप कुठेतरी एकत्र येतात. टीव्हीच्या पॉइंटची चकती उघडावी. आतली जुनी केबल हलकेच ओढून पाहावी. ती हलत असेल तर तिच्याच टोकाला कॅट-६ तार (नेटवर्कची, आत पिळलेल्या चार जोड्या असलेली तार) चिकटपट्टीने घट्ट बांधून दुसऱ्या टोकाने ओढून घेता येते. हलत नसेल तर वायरमनची स्प्रिंग घालून वाट मोकळी आहे का ते पाहावे.

विटांच्या घरात खाच मारता येते, पण भाड्याच्या घरात किंवा नुकताच रंग दिलेल्या घरात केसिंग-पट्टी हाच शहाणपणाचा मार्ग आहे. दाराच्या चौकटीच्या वरून नेलेली पट्टी आठवड्याभरात डोळ्यांना दिसेनाशी होते. चिऱ्याच्या घरात आम्ही तेच केले: ओटीपासून माजघरापर्यंत वाशांच्या आडोशाने, आणि पुढे भिंतीला एकच आरपार भोक पाडून. ते भोक बाहेरच्या भिंतीला असेल तर बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून आत येणार नाही.

कोणत्याही मार्गाने गेलात तरी २३० व्होल्टच्या विजेच्या तारांच्या पाइपातून ही तार नेऊ नये. ती स्वतंत्र पाइपातून न्यावी आणि विजेची तार ओलांडायची असेल तर काटकोनात ओलांडावी. घराबाहेरून, उदाहरणार्थ मुख्य घरातून गोठ्याकडे किंवा आउटहाउसकडे, तांब्याची तार नेणे टाळावे. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की उघड्यावरच्या तांब्याच्या तारेत उसळी येते आणि दोन्ही टोकांची यंत्रे जातात. दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावी.

आता तारेची प्रत. कॅट-६ तारेतून १ गिगाबिटचा वेग १०० मीटरपर्यंत मिळतो, म्हणजे घरासाठी तो गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आहे. अडचण तारेच्या धातूची असते. पहिल्या खेपेस ज्या दुकानातून मी पेटी आणली त्याने शुद्ध तांबे म्हणून दिलेली तार प्रत्यक्षात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली निघाली. अ‍ॅक्सेस पॉइंट दिवसभर नीट चाले आणि रात्री घरातले सगळे फोन जोडले गेले, भार वाढला, की आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होई. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याहून जास्त असल्याने वाटेत व्होल्टेज पडत होते. शेवटी मी तारेचे टोक सोलून एका धाग्यावर ब्लेड फिरवले, तेव्हा लालसर पापुद्र्याखालून पांढरी चमक दिसली. ही परीक्षा दुकानातच, पैसे देण्यापूर्वी करावी. शुद्ध तांबे खरवडले तरी आतून लालच राहते, आणि त्या तारेची पेटी हाताला लक्षणीय जड लागते.

टोके बांधताना दोन्हीकडे एकच रंगक्रम ठेवावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ टोकाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये. गिगाबिटसाठी चारही जोड्या लागतात. एखादा धागा नीट बसला नाही तर जोडणी मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरू शकते. ३०० मेगाबिटचा प्लॅन असताना वेगचाचणी दर वेळी ९४ च्या आसपास अडकली, तर सेवा देणाऱ्या कंपनीला फोन करण्याआधी टोक पुन्हा बांधून पाहावे.

तिसरी पायरी: जागा आणि संख्या

छतासाठी बनवलेली थाळी आपल्या समोरच्या बाजूला, छत्रीसारख्या आकारात लहरी पसरवते. ती भिंतीवर उभी लावली की छत्री आडवी होते: समोरची खोली उत्तम व्यापली जाते, मागची उपाशी राहते, आणि काही भाग वरच्या-खालच्या मजल्यावर सांडतो. जिना असलेल्या दुमजली घरात जिन्याच्या भिंतीवर ती मुद्दाम अशी लावता येते आणि दोन्ही मजले बऱ्यापैकी साधतात. चपट्या घडणीचे यंत्रही मुख्यतः समोर पाहते. म्हणून ते ज्या खोलीत काम आहे त्याच खोलीत, उघड्या भिंतीवर असावे.

इथे एक चूक वारंवार होते. तारेचा पॉइंट जमिनीपासून फूटभर उंचीवर असतो, म्हणून यंत्रही तिथेच बसवले जाते आणि महिन्याभरात त्याच्यापुढे सोफा किंवा पलंगाची पाठ येते. शक्य असेल तर तार भिंतीतून वर घेऊन छातीच्या उंचीपासून दाराच्या चौकटीच्या उंचीपर्यंत कुठेही यंत्र लावावे. कपाट, आरसा आणि टीव्हीची मागची बाजू या तीन जागा वर्ज्य समजाव्यात.

किती यंत्रे लागतील याचे उत्तर चौरस फुटांत शोधू नये. यंत्राच्या खोक्यावर छापलेले क्षेत्रफळ आपल्या भिंती पाहून लिहिलेले नसते. तुमच्या नकाशावर उणे ७० च्या खाली गेलेल्या ज्या खोल्यांत माणसे खरोखर काम करतात, तेवढ्या खोल्यांपासून सुरुवात करावी. विटांच्या दोन शयनगृहांच्या फ्लॅटमध्ये योग्य जागी एक यंत्र पुरू शकते, मायवनच्या तीन शयनगृहांच्या फ्लॅटमध्ये दोन लागतात. आमच्याकडे माजघरात एक, मागच्या खोलीत एक आणि वरच्या मजल्यावर एक अशी तीन बसली. शंका असेल तर एक यंत्र लांब पॅचकॉर्डने जोडावे, स्टुलावर उभे करून त्या त्या जागी अर्धा तास ठेवावे आणि पुन्हा मोजावे. भिंतीला ड्रिल लावण्यापूर्वीची ही तालीम मला फार मोलाची वाटते.

चौथी पायरी: वीज कशी पोहोचवायची

अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज नेटवर्कच्या तारेतूनच दिली जाते. या पद्धतीला पीओई म्हणतात. तिचे मानक तपासणे अटळ आहे. ८०२.३एएफ या मानकात स्विचकडून (एका तारेला अनेक तोंडे फोडणाऱ्या नेटवर्कच्या पेटीकडून) प्रत्येक तोंडाला १५.४ वॉटपर्यंत वीज मिळते आणि वाटेतली गळती धरून यंत्रापाशी १२.९५ वॉट हमखास पोहोचतात. ८०२.३एटी मध्ये हेच आकडे ३० आणि २५.५ आहेत. बाजारात २४ व्होल्टचे ‘पॅसिव्ह’ इंजेक्टरही (इंजेक्टर म्हणजे एकाच तारेत वीज घालणारा छोटा डबा) मिळतात. ते समोरच्या यंत्राला काहीही न विचारता वीज सोडतात, म्हणून यंत्र त्याच प्रकारचे असल्याशिवाय ते वापरू नयेत. बऱ्याच यंत्रांच्या खोक्यात इंजेक्टर नसतो, तेव्हा खरेदीच्या वेळी ‘आत काय काय आहे’ ही यादी वाचावी.

एकच यंत्र असेल तर इंजेक्टर पुरतो. दोन किंवा अधिक असतील तर पीओई स्विच घ्यावा आणि त्याची एकूण क्षमता पाहावी: प्रत्येकी १३ वॉटची तीन यंत्रे म्हणजे ३९ वॉट, आणि त्यासाठी साधारण ६० वॉट देणारा स्विच निवांत चालतो. कोकणात पावसाळ्यात वीज सतत ये-जा करते. स्विच आणि फायबरचा डबा एका लहान यूपीएसवर ठेवले की घरातले सर्व अ‍ॅक्सेस पॉइंट त्याच एका आधारावर चालत राहतात. घराला इन्व्हर्टर असला तरी हा यूपीएस ठेवावा, कारण पुष्कळ इन्व्हर्टर पालट करताना क्षणभर थांबतात, तेवढ्यात यंत्रे बंद पडतात आणि पुन्हा उभी राहण्यात मिनिट-दोन मिनिटे जातात.

पाचवी पायरी: आता यंत्र निवडा

खोक्यावरचा मोठा आकडा बेरजेचा असतो. ‘एएक्स१८००’ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे १२०१ मेगाबिट यांची गोळाबेरीज आहे. फोन एका वेळी यांपैकी एकाच पट्ट्यावर असतो आणि प्रत्यक्ष वेग त्या आकड्याहून बराच कमी राहतो. तारेचे तोंड १ गिगाबिटचे असेल तर त्याहून अधिक वेग तसाही येणार नाही. घरगुती गरजेला, ३०० ते ५०० मेगाबिटच्या प्लॅनला, दोन अँटेनांच्या साखळ्या (एकाच वेळी चालणाऱ्या दोन वाटा) असलेले वाय-फाय ६ चे यंत्र पूर्ण पुरते. वाय-फाय ७ ची प्रमाणपत्रे जानेवारी २०२४ पासून मिळू लागली, पण त्याचे मोठे फायदे ६ गिगाहर्ट्झच्या रुंद पट्ट्यावर अवलंबून आहेत. भारतात त्या पट्ट्याच्या खालच्या भागासाठी, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झसाठी, मे २०२५ मध्ये मसुदा नियम आले. म्हणून घेतलेले यंत्र आपल्या देशात त्या पट्ट्यावर चालवण्यास परवानगी आहे का हे खरेदीच्या दिवशी तपासावे. शिवाय ६ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीपुढे ५ पेक्षाही लवकर हात टेकतात. चिरेबंदी घरात एका महागड्या यंत्रापेक्षा दोन साधी यंत्रे अधिक काम देतात, असे माझे ठाम मत आहे.

चपट्या घडणीचे उदाहरण म्हणून टीपी-लिंकच्या ओमाडा मालिकेतील ईएपी६१५-वॉल पाहता येईल. ते वाय-फाय ६ चे असून त्याला मागे एक आणि खाली तीन गिगाबिट तोंडे आहेत. त्यांपैकी एका तोंडातून पुढच्या यंत्राला वीजही देता येते, मात्र त्यासाठी येणारी वीज ८०२.३एटी मानकाची हवी. यूबिक्विटीच्या यूनिफाय मालिकेत यू६ इन-वॉल आहे. त्याचा ५ गिगाहर्ट्झचा भाग चार साखळ्यांचा आहे. खालच्या तोंडांना मी फार महत्त्व देतो, कारण टीव्ही आणि टेबलावरचा संगणक तारेवर गेले की हवेतली गर्दी कमी होते आणि फोनना मोकळी जागा मिळते. कंपनी कोणतीही निवडा, पण घरभर एकाच मालिकेची यंत्रे ठेवा. भारतासाठीच विकलेले, वायरलेस उपकरणांसाठीची ईटीए मान्यता असलेले आणि इथेच वॉरंटी मिळणारे यंत्र घ्यावे.

भिंतीतला बॉक्स हा छोटा, पण रडवणारा प्रश्न आहे. ही यंत्रे बहुधा परदेशी मापाच्या, ८६ मिलिमीटरच्या चौकोनी बॉक्ससाठी आखलेली असतात; आपल्या मॉड्युलर बोर्डांच्या बॉक्सची स्क्रूची भोके त्यांच्याशी जुळतीलच असे नाही. वायरमनला बोलावण्याआधी यंत्र हातात असावे आणि त्याची पट्टी बॉक्सवर धरून पाहावी. जुळत नसेल तर पट्टी सरळ गिलाव्यावर स्क्रूने बसवावी आणि बॉक्समधून फक्त तार बाहेर काढावी. चिरा सच्छिद्र असतो आणि त्यातले भोक भुसभुशीत होते, म्हणून नेहमीपेक्षा लांब गिट्टी वापरावी. बॉक्समध्ये वीतभर तार जादा ठेवावी; पुढे कधी टोक पुन्हा बांधावे लागले तर ती उपयोगी पडते.

सहावी पायरी: जुळवणी

राउटरचे काम फायबरच्या डब्याकडेच राहू द्यावे. नवे यंत्र राउटर म्हणूनही चालत असेल तर ते अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकावे, म्हणजे घरात पत्ते वाटणारा एकच राहील. डब्याचे स्वतःचे वाय-फाय बंद करावे; ओटीसाठी ते ठेवायचेच असेल तर त्याला इतर यंत्रांचेच नाव आणि तोच पासवर्ड द्यावा.

२.४ गिगाहर्ट्झवर रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवून यंत्रांना १, ६ आणि ११ हे चॅनल वाटून द्यावेत, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्झवर ८० मेगाहर्ट्झ रुंदीचे दोन निर्वेध गट मिळतात, ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१. मधल्या बऱ्याच चॅनलांवर रडारसाठी जागा सोडण्याचा नियम असल्याने यंत्र मधेच चॅनल बदलू शकते. शेजाऱ्यांच्या जाळ्यांनी गजबजलेल्या इमारतीत रुंदी ४० वर आणावी. कागदावरचा वेग घटतो, प्रत्यक्षातला बहुधा वाढतो.

प्रक्षेपणशक्ती कमाल ठेवण्याचा मोह आवरावा. सगळी यंत्रे पूर्ण शक्तीवर असली की फोन दूरच्या यंत्राला चिकटून राहतो, कारण एक यंत्र सोडून दुसरे धरण्याचा निर्णय फोन स्वतः घेतो. २.४ ची शक्ती कमी, ५ ची मध्यम ठेवावी आणि ८०२.११के, व्ही व आर ही, फोनला यंत्र बदलताना मदत करणारी साहाय्यके सुरू करावीत. बहुतेक कंपन्यांत त्यासाठी कंट्रोलर, म्हणजे सगळी यंत्रे एकत्र सांभाळणारी प्रणाली, लागतो. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ एकत्र चालणारा पर्याय निवडावा. जुना प्रिंटर किंवा स्मार्ट बल्ब त्यावर अडला तर त्याच्यासाठी केवळ २.४ चे वेगळे जाळे करावे. पाहुण्यांसाठी गेस्ट जाळे वेगळे असावे.

मग पहिला नकाशा पुन्हा हातात घ्यावा आणि त्याच जागी उभे राहून नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहावेत. आमच्या मागच्या खोलीत उणे ७९ चे उणे ४६ झाले. त्यानंतर व्हिडिओ कॉल सुरू ठेवून ओटीपासून वरच्या मजल्यापर्यंत सावकाश चालत जावे; जिथे आवाज तुटेल तिथे आधी शेजारच्या यंत्राची शक्ती एक पायरी कमी करून पाहावी, आणि त्यानेही भागले नाही तरच जागा बदलावी. शेवटी स्विचच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवावा: कोणत्या तोंडातून कोणत्या खोलीत तार जाते, यंत्राचा पत्ता, चॅनल आणि तार ओढल्याची तारीख. आमच्या कागदावर भाचीने खाली आणखी एक ओळ लिहिली आहे: ‘कपाट मागच्या भिंतीला पुन्हा लावू नये.’